तुम्ही विचारलंत म्हणून: ‘क्रुसेडर किंग्ज 3’मध्ये राजा मेला की राज्य का फुटतं?

‘क्रुसेडर किंग्ज 3’ हा मध्ययुगातलं राजघराणं पिढ्यानपिढ्या चालवायचा संगणकावरचा खेळ. राजा मेला की त्याचा मुख्य वारस म्हणून तुम्ही पुढे खेळता. तो खेळायला लागलेल्यांचा एक प्रश्न हमखास येतो. एका राजाने आयुष्यभर लढून राज्य वाढवलं, तो मेला आणि दुसऱ्याच दिवशी धाकटा भाऊ शेजारचा स्वतंत्र राजा होऊन बसला. हा बग आहे का? बग नाही. हाच खेळाचा गाभा आहे, आणि एक नियम नीट समजला तर फूट बरीचशी टाळता येते.

टायटल म्हणजे एखाद्या प्रदेशाची गादी. त्याच्या नेहमीच्या पायऱ्या, खालून वर: बॅरनी, काउंटी, डची, किंगडम, एम्पायर. तुमचं सगळ्यात मोठं टायटल मुख्य वारसाला जातं. बाकीच्या मुलांना त्यांचा वाटा मिळतो. वाटा मिळालेला भाऊ तुमच्या हाताखाली राहील की स्वतंत्र होईल, हे त्याला मिळालेल्या टायटलच्या पायरीवर ठरतं. ते मुख्य टायटलपेक्षा खालचं असेल तर तो तुमचा सरदार. बरोबरीचं असेल तर तो स्वतंत्र. नवीन खेळाडूचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा इथेच.

ट्युटोरियलचंच उदाहरण घ्या. साल 1066, आयर्लंड, मन्स्टरची गादी. मन्स्टर ही डचीच्या पायरीवरची गादी आहे. तुम्ही जोरात खेळलात, लेन्स्टर जिंकलं, त्याची डचीही स्वतःकडे घेतली. आता तुमच्याकडे एकाच पायरीची दोन टायटलं आहेत आणि घरात दोन मुलगे. म्हातारा गेला की थोरल्याला मन्स्टर आणि धाकट्याला लेन्स्टर, तेही पूर्ण स्वतंत्र. हेच तुम्ही मरण्याआधी आयर्लंडचं किंगडम उभं केलं असतंत, तर धाकटा लेन्स्टरचा ड्यूक म्हणून थोरल्याच्या हाताखालीच राहिला असता. किंगडमसाठी त्याच्या डी ज्युरे, म्हणजे कायद्याने त्यात मोडणाऱ्या, प्रदेशातल्या निम्म्याहून जास्त काउंट्या आणि भरपूर सोनं लागतं. म्हणून राजाने पन्नाशी गाठली की नवी लढाई काढण्याआधी वरच्या पायरीचं टायटल घडवायला सोनं साठवावं. एक काउंटी कमी जिंकली तरी चालेल.

यात एक मेख आहे. सुरुवातीला बहुतेकांचा वारसा कायदा कॉन्फेडरेट पार्टिशन हा वाटणीचा कायदा असतो. तो फक्त असलेली टायटलं वाटून थांबत नाही. दुसरं किंगडम घडवण्याइतकी जमीन तुमच्याकडे असेल आणि तुम्ही ते मुद्दाम घडवलं नसेल, तरी हा कायदा राजा मेल्यावर ते स्वतःच घडवून धाकट्याला देतो. त्यामुळे ‘दुसरं टायटल केलंच नाही, मग फुटेल कसं?’ हा हिशेब इथे चालत नाही. यातून बाहेर पडायला ‘हेरेडिटरी रूल’ हा शोध आपल्या संस्कृतीत लागावा लागतो. मग साधं पार्टिशन घेता येतं, ते नवी टायटलं घडवत नाही. त्यानंतर येतं हाय पार्टिशन, त्यात मुख्य वारसाकडे किमान निम्मा वाटा राहतो. सगळं थोरल्याला देणारा प्रायमोजेनिचर मात्र उत्तर मध्ययुगाच्या टप्प्यात उघडतो. खेळ 867 या सालापासून सुरू केला असेल तर त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, कित्येक पिढ्या वाटणीतच काढायच्या आहेत. ते इतिहासाला धरूनच आहे. 843 च्या व्हर्दनच्या तहात फ्रँक सम्राट शार्लमेनच्या नातवांनी साम्राज्याचे तीन तुकडे केले होते, आणि 867 चा नकाशा उघडलात की त्या घराण्याचे भाऊबंद वेगवेगळ्या गाद्यांवर बसलेले दिसतात.

वाटणीचा मार कमी करायचे मार्ग आहेत. कॅथलिक असाल तर धाकट्याला दीक्षा घ्यायला सांगता येतं, संन्यासी झालेला मुलगा वारसांतून बाद होतो. घराण्याचे प्रमुख तुम्हीच असाल तर रिनाउन, म्हणजे घराण्याची कीर्ती, खर्चून मुलाचा वारसाहक्क काढून घेता येतो, पण रिनाउन फार सावकाश साठतं, ते अशा कामावर वारंवार उधळू नये. मला सगळ्यात पटणारा मार्ग साधा आहे: जिवंतपणीच धाकट्याला दूरची, कमी उत्पन्नाची काउंटी देऊन टाका. ती त्याच्या वाट्यात धरली जाते आणि राजधानीभोवतीच्या चांगल्या काउंट्या थोरल्याकडे राहण्याची शक्यता वाढते. काही जण प्रेस्टिज, म्हणजे राजाची प्रतिष्ठा, मोजून टायटलवर निवडणुकीचा कायदा लावतात. निवडणुकीचं टायटल वाटणीतून बाहेर पडतं हे खरं, पण मतं सरदारांची असतात. ते नाराज झाले तर गादी दुसऱ्याच घराण्यात जाते. सरदारांची मर्जी रोजच्या रोज सांभाळायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आता दाव्यांचं, म्हणजे एखाद्या टायटलवर सांगितलेल्या हक्काचं. दावे दोन प्रकारचे, पक्के आणि कच्चे. खेळात त्यांना प्रेस्ड आणि अनप्रेस्ड म्हणतात. दोन्हींवर युद्ध पुकारता येतं. फरक वारशात आहे: पक्का दावा मुलांकडे कच्चा होऊन उतरतो, कच्चा दावा माणसाबरोबर संपतो. दरबारातल्या धर्मगुरूकडून काउंटीवर खोटा दावा तयार करून घेता, तो कच्चाच असतो. त्याची वर्षानुवर्षांची मेहनत आणि वर मोजलेलं सोनं, हे सगळं राजा युद्धाआधी मेला तर फुकट जातं. म्हणून म्हाताऱ्या राजाच्या नावावर दावे साठवू नयेत, मिळाला की वापरावा.

वाटणीनंतर भावाभावांचे एकमेकांच्या गाद्यांवर दावे उभे राहतात. नवा राजा कोवळा, सरदारांना अजून न पटलेला, आणि असंतुष्ट सरदार त्याच्याच भावाला पुढे करून गट बांधतात. सत्तांतराची पहिली काही वर्षं म्हणूनच सगळ्यात धोक्याची. त्या काळासाठी भाडोत्री सैन्य उभं करता येईल एवढी शिल्लक मागच्या राजाने ठेवूनच मरावं.

दुसऱ्याचा दावाही लढता येतो. शेजारच्या गादीवर दावा असलेला नाराज भाऊ आपल्या दरबारात बोलवायचा आणि त्याच्या नावाने युद्ध करायचं. पण जिंकल्यावर तो तुमचा सरदार होईलच असं नाही, बऱ्याचदा स्वतंत्र राजा होऊन निघून जातो. आधी त्याला आपल्याकडची एखादी जमीन देऊन सरदार करून घ्या, आणि जिंकायची गादी तुमच्या मुख्य टायटलपेक्षा खालची असू द्या. युद्ध पुकारण्याच्या खिडकीत निकाल काय होईल ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय बटण दाबू नका. हा डाव आपल्या दख्खनचाही आहे. 1066 च्या नकाशावर कल्याणीच्या चालुक्यांची गादी आहे. पहिला सोमेश्वर 1068 मध्ये गेल्यावर थोरला दुसरा सोमेश्वर गादीवर आला, आणि 1076 मध्ये धाकट्या विक्रमादित्याने त्याला बाजूला सारलं. हा विक्रमादित्य चोळ राजा वीरराजेंद्राचा जावई होता.

मुलगा नसेल आणि मुलगी वारस असेल तर तिचं लग्न ठरवताना ‘मॅट्रिलिनियल’ची, म्हणजे मुलं आईच्या घराण्याची होतील अशी, खूण केलीच पाहिजे. नाहीतर तिची मुलं नवऱ्याच्या घराण्याची होतात. ती राणी असेपर्यंत सगळं ठीक चालतं, ती गेल्यावर गादी दुसऱ्या घराण्याकडे जाते आणि तुमच्या घराण्याचा वारस उरला नसेल तर खेळ तिथेच संपतो. लग्न लागल्यावर ही खूण बदलता येत नाही.