दोन स्टेशनांच्या मधे

पणत्या काढायला माळ्यावर चढलो आणि हाताला लागला बाबांचा ट्रान्झिस्टर. कातडी कव्हर पापडासारखं वाळलेलं, बटण तुटल्यावर लावलेलं रबरबँड तसंच. पणत्या राहिल्या बाजूला. कोपऱ्यावरच्या दुकानातून जाडे सेल आणले, घातले, कान पिळला. खरखर. नुसती खरखर.

"तो दिवा घालव आधी," आई आतून म्हणाली. माजघरातला एलईडी बल्ब घालवला तर खरखर निम्म्यावर आली आणि तिच्या तळातून कुणीतरी पोवाडा म्हणायला लागलं. हे तुला कसं ठाऊक, विचारलं, तर म्हणे, मी मिक्सर लावला की तुझे बाबा ओरडायचे, त्यावरून.

आम्ही साताऱ्याकडचे. घरात रेडिओचे दोन पंथ होते. दुपारची लोकगीतं आजीची. तांदूळ निवडत बसायची, पण कान तिकडे. एकदा जात्यावरच्या ओव्या लागल्या, साथीला पेटी-तबला. आजीचे हात थांबले. "दळताना तबला कशाला गं बाई? जातं घरघरतं ते काय कमी आहे?" मग तिनं तीच ओवी आपल्या चालीवर सुरू केली, रेडिओपेक्षा मोठ्यानं. तिकडची बाई थांबेना, ही थांबेना. शेवटी आजीच जिंकली, कारण तिकडची वेळ संपली.

शनिवारची रात्र बाबांची. साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. तो १९५२ पासून चालू आहे, हे ते असं सांगायचे की जणू पहिला कार्यक्रम यांनीच लावून दिला होता. त्याआधी रेडिओ कोनाड्यात कसा ठेवायचा याचा सोहळा. आडवा, उभा, खिडकीकडे तोंड, मग बोटभर डावीकडे. आम्हांला हलायची बंदी. पण रात्री मीडियम वेव्हवर दूरदूरची स्टेशनं पाहुण्यासारखी येतात. बुवा मालकंसाच्या आलापीत रंगले की आवाज हळूहळू खोल जायचा, आणि त्या खड्ड्यातून धारवाड वर यायचं. कन्नड बातम्या. बाबा काटा केसभर सरकवायचे, की शिट्टी. दोन स्टेशनांच्या मधे वाजते ती. काटा फिरेल तशी ती वरून खाली घसरत यायची, अखंड, एखाद्या लांबलचक मींडेसारखी. बाबा चिडायचे आणि त्याच दमात म्हणायचे, "बघ, पंचमावर आली!"

त्या शिट्टीलाही कुणी संगीत म्हणतं हे मला फार उशिरा, एका रेडिओ कार्यक्रमातच कळलं. जर्मनीतल्या श्टॉकहाउझेन नावाच्या गृहस्थांनी १९६८ मधे वादकांच्या हाती शॉर्टवेव्ह रेडिओ दिले आणि त्यातून जे येईल त्यावर वाजवा म्हणून सांगितलं. त्याच्याही आधी, १९५१ मधे, अमेरिकेतल्या जॉन केजनं बारा रेडिओंची रचना केली. एका रेडिओला दोन माणसं, एकानं काटा फिरवायचा, दुसऱ्यानं आवाज कमी-जास्त करायचा. आमच्याकडे दोन्ही कामं एकटे बाबा करायचे, वर आमच्यावर डोळेही वटारायचे.

आकाशवाणीची ती पहाटेची धूनसुद्धा अशीच लांबून आलेली. नाझींपासून जीव वाचवून मुंबईला आलेल्या वॉल्टर काउफमान यांनी ती बांधली. आम्ही मात्र ती आपल्याच आळीतली समजून दात घासत होतो.

आता मोबाइलवर सगळी स्टेशनं लख्ख येतात. बोट टेकवलं की पुणे, टेकवलं की धारवाड. पण साताऱ्याहून एसटीत बसावं आणि डोळे उघडावेत तो एकदम स्वारगेट, तसं होतं. मधे खंबाटकी नाही, शिरवळ नाही, शेंगा विकणारी पोरं नाहीत. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू काय शिट्टी ऐकायला रेडिओ लावणार?" मला उत्तर सुचलं नाही. खरं तर हो.

पोवाडा संपता संपता आईला सुपारी दिसेना, म्हणून तिनं दिवा लावला. खरखर परत आली. मी तशीच ऐकत बसलो थोडा वेळ.

पणत्या दुसऱ्या दिवशी काढल्या. चार फुटल्या होत्या.