केर्नावे: एकही दगड नसलेले पाच किल्ले

लिथुआनियाची राजधानी विल्नियसला जाणार असाल तर एक अख्खा दिवस केर्नावे या जुन्या किल्ल्यांच्या गावासाठी राखून ठेवाच. साधारण 35 किमी आहे, बस मिळते पण दिवसातून मोजक्याच, त्यामुळे परतीची बस किती वाजता आहे ते आधीच बघून घ्या.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तटबंदी, बुरूज, महादरवाजा येतो ना, इथे त्यातलं काहीच नाही. नेरिस नदीच्या वरच्या अंगाला पाच हिरवीगार मातीची टेकाडं, माथा सपाट, बाजू एकदम खड्या. वरचे किल्ले लाकडाचे होते. 1390 मध्ये ट्यूटॉनिक ऑर्डरच्या, म्हणजे जर्मन ख्रिस्ती सरदारांच्या लढाऊ संघाच्या, स्वारीत सगळं जळालं, नंतर लोक वरच्या बाजूला राहायला गेले आणि खोऱ्यातलं जुनं गाव नदीच्या गाळाखाली गेलं. त्या ओल्या गाळानेच कितीतरी वस्तू जपल्या, म्हणून गावातलं म्युझियम आधी बघा आणि मग टेकड्या चढा, नाहीतर नुसतं गवत बघून परत याल.

एका टेकडीचं नाव आउकुरो काल्नास, म्हणजे वेदीची टेकडी. लोक सांगतात इथे पवित्र अग्नी पेटता असायचा, पण खोदल्यावर सापडला तो ड्यूकचा वाडा. तरी नाव तेच राहिलं. लिथुआनियनमध्ये अग्नीला 'उग्निस' म्हणतात, वर वाऱ्यात उभं असताना ते आठवलं आणि अंगावर काटा आला.

खालचं खोरं पायाउताचं. दंतकथेत केर्नियसने हे गाव वसवलं, पायाउता त्याची मुलगी. ती गेल्यावर तिच्या मुलाने, कुकोवाइतिसने, एका तळ्याकाठी आईची मूर्ती उभारली, लोक पूजा करायला लागले. मूर्ती कुजून गेली, त्या जागी लिंडनची झाडं उगवली, मग लोकांनी झाडांनाच देवी मानलं. मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट भावली.

चढायला लाकडी पायऱ्या आहेत, पाऊस पडून गेला असेल तर गवतावरून अजिबात उतरू नका, घसरतं. उन्हाळ्यात फुल पँटच घाला, गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो, परत आल्यावर पाय नीट तपासा. पाणी आणि खायचं सोबत ठेवा, गाव अगदी छोटं आहे.

जमलं तर 23 जूनची रात्र गाठा, रासोसचा, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सुमाराचा सण असतो, टेकड्यांवर शेकोट्या पेटतात आणि लोक पहाटेपर्यंत गात बसतात.