माल ट्रकवर चढण्याआधीचे हिशेब : मूव्हर्स आणि गाडी पाठवण्याचा माझा अनुभव

घरसामान हलवताना खरी अडवणूक सामान ट्रकमध्ये चढून दारं लागल्यावर सुरू होते. "माल जास्त निघाला, एवढे आणखी द्या, नाहीतर उतरवणार नाही." त्या वेळी घासाघीस करायला हातात काहीच नसतं, म्हणून माझी सगळी मेहनत त्याच्या आधीची असते.

फोनवर खोल्या किती एवढंच विचारून जो भाव सांगतो, त्याला मी तिथेच सोडतो. माळा, बाल्कनी, पलंगाखालचे कप्पे पाहून यादी करणाऱ्याशीच पुढचं बोलणं. पहिला प्रश्न, ट्रक तुमचा की दुसऱ्याचा? दलाल असायला हरकत नाही, पण मग प्रत्यक्ष माल नेणाऱ्याचं नाव करारात हवं. नाहीतर मोडतोड झाली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मोजमाप मी स्वतः करतो. १४ फूट लांब, ६ फूट रुंद, ६ फूट उंच हौदा म्हणजे ५०४ घनफूट. घरसामानाचं वजन ढोबळमानाने घनफुटाला ३ किलो धरतात. म्हणजे ४०० घनफूट सामान १,२०० किलोच्या आसपास. कुणी २,००० किलो सांगू लागला, तर रिकाम्या आणि भरलेल्या ट्रकच्या वजनकाट्याच्या पावत्या मागायच्या. त्यातही खोच आहे. टाकी रिकामी ठेवून ट्रक तोलतात आणि नंतर डिझेल भरून, माणसं बसवून पुन्हा काट्यावर चढवतात. २०० लिटर डिझेलच जवळपास १७० किलो भरतं. दोन्ही वेळी टाकी सारखीच भरलेली हवी, माणसं खाली उतरलेली हवीत आणि दोन्ही पावत्यांवर गाडीचा नंबर एकच हवा. पुस्तकांची खोकी असतील तर मात्र ३ किलोचा हिशेब कोसळतो, तेवढं लक्षात ठेवायचं.

आगाऊ रक्कम थोडीच, आणि तीही कंपनीच्या नावाच्या खात्यात. कुणा माणसाच्या खात्यावर पैसे मागितले की मी थांबतो. जिने, लिफ्ट नसणं, ट्रक दारापर्यंत न येणं, मधल्या गोदामातला मुक्काम, हे सगळं दरात धरलंय का, ते लेखी घ्यायचं. वाढीव बिल याच फटींतून येतं.

'रिस्क कव्हर' म्हणून कंपनी जे विकते, तो बहुतेक वेळा विमा नसतोच. खऱ्या विम्याला विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक असतो. तो क्रमांक विमा कंपनीकडे स्वतः तपासायचा. पॅकर यादीत नव्याकोऱ्या कपाटापुढेही 'चरे पडलेले' लिहून ठेवतो. सही करण्याआधी ते खोडून घ्यायचं.

गाडीचं प्रकरण वेगळं. ती ट्रेलरवर जाणार की कुणी चालवत नेणार, हे ठरवून घ्यावं लागतं. ओडोमीटरचा, म्हणजे गाडी किती किलोमीटर चालली त्याचा, आकडा पावतीवर लिहायचा आणि त्याचा फोटोही काढायचा. गाडी आधी धुवायची, कारण धुळीखाली चरा दिसत नाही. मग दिवसाउजेडी चारही बाजू, छत, बंपरची खालची कड, रिम आणि काचा यांचे फोटो. इंधन पाव टाकीच ठेवायचं, टोलचा टॅग काढायचा, मूळ कागदपत्रं द्यायची नाहीत. डिकीत सामान कोंबायचा मोह आवरावा, गाडीच्या वाहतुकीच्या विम्यात ते सहसा धरत नाहीत. ट्रेलरवर गाडी आवळायचे पट्टे चाकांवरून बांधलेले बरे. मोटारसायकलचे पट्टे फार आवळले तर पुढच्या फोर्कचं सील जाऊन तेल गळू शकतं.

उतरवताना ड्रायव्हरला घाई असते. असू दे. खोक्यांचे नंबर यादीशी जुळवायचे, ओडोमीटर पाहायचा, आणि जे फुटलंय, हरवलंय ते पोच पावतीवरच सहीच्या वर लिहायचं, 'तपासणीच्या अधीन' असं मोघम नको. 'खोकं क्र. १७ मिळालं नाही, फ्रिजच्या दाराला पोचा' असं नेमकं. त्याच पावतीचा फोटो जोडून त्याच दिवशी ईमेल करायचा, कंपनीला एक आणि विमा कंपनीला एक.