अंगण नसलेली मशीद: गुलबर्ग्याच्या किल्ल्यात

गाणगापूरला दत्तदर्शनाला जाणारी आपली मंडळी बहुतेक तिथूनच परत फिरतात. पुढच्या खेपेला अर्धा दिवस जास्त काढा आणि त्याच रेल्वेमार्गावर पुढे कलबुर्गीला, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याला, उतरा. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला फक्त ‘किल्ला’ म्हणायचं.

1347 मध्ये दौलताबादला बहमनी राज्याची सुरुवात झाली आणि राजधानी इथे आली. किल्ल्यातल्या जामा मशिदीच्या शिलालेखात 1367 साल आणि रफी या कझवीनच्या, म्हणजे इराणी, माणसाचं नाव आहे.

आत पाऊल टाकलं की वेगळेपण लगेच कळतं. भारतातल्या मोठ्या जुन्या मशिदींना मधोमध मोकळं अंगण असतं. इथे ते नाहीच! सुमारे 216 बाय 176 फुटांची सगळी जागा छताखाली आहे. वर लहान घुमटांच्या रांगा, चार कोपऱ्यांना चार मोठे घुमट आणि मेहराबासमोर, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यासमोर, सगळ्यांत थोरला, चौकोनी बैठकीवर उचललेला. मग उजेड येतो कुठून? कडेच्या कमानींतून. त्या विलक्षण रुंद आहेत आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर वळायला लागतात. आतले खांब मात्र उंच आणि सडपातळ वाटतात. कोपऱ्यात उभं राहून तिरकं बघा, कमानीमागे कमान उलगडत जाते. नक्षी जवळजवळ नाही, पांढरा गिलावा तेवढा. मला तर हा साधेपणाच सर्वांत आवडला.

स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीची ही नक्कल, असं इथे सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. कोर्दोबाला अंगण आहे आणि तिथलं छत लाकडी. छत असलेला मोठा खांबांचा दालन एवढंच साम्य.

शक्यतो सकाळी जा. मेहराबाची भिंत पश्चिमेला, त्यामुळे पूर्वेचं कोवळं ऊन थेट आत येतं. शुक्रवारची दुपार टाळा. पादत्राणं बाहेर काढावी लागतात आणि उन्हाळ्यात फरशी भाजते, म्हणून पायमोजे हवेतच. एप्रिल-मे टाळलेलाच बरा. जवळच बाला हिसारचा भक्कम बुरूज आहे, पण त्याला धावती भेट पुरे.

वेळ उरला तर शहराच्या पूर्वेला हफ्त गुंबज, म्हणजे बहमनी सुलतानांच्या कबरी, बघाच. त्यातली फिरोजशहाची कबर जोडदालनी आणि सर्वांत मोठी. तिथून सूफी संत ख्वाजा बंदे नवाज यांचा दर्गा जवळच आहे. डोकं झाकायला रुमाल सोबत ठेवा.