कुस्ती झाली, लाइव्ह अजून यायचंय

२०१८ सालच्या चैत्रातली यात्रा. मैदानाच्या कडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मी लॅपटॉप मांडून बसलो होतो. पन्नास हजाराची जोड लागली होती, हलगी टिपेला गेली होती. आमच्या बाजूच्या पोरानं घिस्सा ओढला, समोरचा चितपट, फेटे उडाले. दोन मिनिटांत कोईमतूरहून काकाचा फोन. "आरं, तुझं लाइव्ह कसलं म्हणायचं? हितं दोघं अजून खडाखडी करायला लागली होती, तवर गावाकडनं फोन आला, कुस्ती झाली म्हणून!"

आमचा सांगलीतला खानापूर तालुका दुष्काळी. त्यामुळं घरटी एखादा माणूस सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात गेलेला. कोईमतूर, त्रिचूर, कोलकाता, कुठंही जा, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत आमच्याकडचं गलाईचं दुकान सापडतंच. यात्रेला सगळ्यांना येता येत नाही आणि मैदान तर बघायचं असतं. आदल्या वर्षी कमिटीनं एका फुकटच्या प्लॅटफॉर्मवर दाखवलं होतं, पण कर्ण्यावर सिनेमाचं गाणं वाजलं, हक्काचा दावा आला आणि ऐन रंगात प्रसारण बंद. मी पुण्यात व्हिडिओ पोचवायच्याच कामात. मग काय, "आपला पोरगा आहे की" म्हणत कमिटीनं ते माझ्या गळ्यात घातलं.

काकाचा प्रश्न मात्र बरोबर होता. लाइव्ह असं तिथं काही नसतंच.

कॅमेऱ्यातून आलेलं चित्र सर्व्हरवर चार-सहा सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं. प्रत्येक तुकडा म्हणजे एक साधी फाइल, वेबसाइटवरच्या फोटोसारखीच. सोबत एक छोटी यादी असते, निव्वळ मजकूर: शेवटच्या पाच-सहा तुकड्यांची नावं, बस. नवा तुकडा तयार झाला की त्याचं नाव यादीत खाली जातं आणि सगळ्यात वरचं गळतं. तुमचा फोन दर काही सेकंदांनी ती यादी मागतो, नवं नाव दिसलं की ती फाइल उतरवतो आणि आधीच्याला जोडून दाखवतो. हेच एचएलएस, म्हणजे एचटीटीपी लाइव्ह स्ट्रीमिंग. ॲपलनं २००९ मध्ये आयफोनसाठी आणलं, त्याचा आरएफसी, म्हणजे जाहीर नियमांचा कागद, निघायला २०१७ उजाडलं. डॅश हे त्याचं भावंड, २०१२ चं. यादी लिहायची तऱ्हा वेगळी, कल्पना तीच.

त्याआधी फ्लॅशच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरच्या जमान्यात आरटीएमपी नावाची पद्धत चालायची. त्यात प्रत्येक प्रेक्षकाशी सर्व्हरची एक जोडणी कायम उघडी, कोण कुठवर आलाय ते सर्व्हरनं ध्यानात ठेवायचं. पंगतीत प्रत्येक पाहुण्यामागं एकेक वाढपी उभा केल्यासारखं. एचएलएस चालतं एचटीटीपीवर, म्हणजे वेबसाइटची पानं पोचवायच्या साध्या पद्धतीवर. तिथं द्रोण भरून ओळीनं मांडलेले, येईल त्यानं उचलावा. आणि द्रोण कुणीही मांडून ठेवू शकतो, स्वयंपाकघर तिथं असायची गरज नाही. (आरटीएमपी मेलं नाही बरं का. मैदानातून सर्व्हरपर्यंत चित्र पोचवायला मी अजून तेच वापरतो. एकाकडून एकाकडं जायचं असेल तर ते गुणी आहे.)

उशीर कुठून आला ते त्या रात्रीच शोधलं. तुकडा हवा तिथं कापता येत नाही, पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमवरच कापावा लागतो. मधल्या फ्रेममध्ये फक्त आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच असतं. मी एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरला, पूर्ण फ्रेम किती वेळानं टाकायची ते सांगितलंच नव्हतं, म्हणून त्यानं आपल्या सवयीनं २५० फ्रेमनी एक टाकली. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबानं दहा सेकंद. म्हणजे सर्व्हरला पाच सेकंदांचे तुकडे पाड म्हणून सांगूनही ते दहाचेच पडत होते. त्यात एचएलएसचा नियम असा, की प्लेअरनं यादीच्या शेवटापासून निदान तीन तुकडे मागून सुरुवात करावी, म्हणजे नेट जरा डळमळलं तरी हाताशी साठा असतो. दहा त्रिक तीस. वर एन्कोडिंगचे, अपलोडचे आणखी काही. एवढ्या वेळात घिस्सा ओढून, इनाम घेऊन, पैलवान मैदानाला फेरी मारायला निघालेला असतो.

उशीर परवडला. पण त्याच दिवशी शेवटच्या, लाखाच्या जोडीला सगळंच बसलं. एकच सर्व्हर भाड्यानं घेतला होता, त्याची तार एक गिगाबिटची. चित्र दीड मेगाबिटचं. भागाकार सातवीतल्या पोरालाही येतो: साडेसहाशे माणसं आली की तार भरली. माझ्या डोक्यात दोन-तीनशे प्रेक्षक होते. पण निवेदकानं माइकवरून "कोलकात्याच्या बांधवांनो, बघताय ना?" असं तीनदा विचारलं आणि लिंक गावोगावच्या ग्रुपांत फिरली. शेवटची जोड बाहेरगावी कुणालाच धड दिसली नाही. कमिटीचे अध्यक्ष मला काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त लागतं.

म्हणून २०१९ ला सीडीएन घेतलं, म्हणजे शहरोशहरी ठेवलेल्या सर्व्हरांचं जाळं, द्रोण मांडायला गावोगावची अंगणं. चेन्नईतल्या अंगणात एका माणसानं तुकडा मागितला की ते माझ्या सर्व्हरकडून एकदा आणतं, ठेवून घेतं आणि पुढच्या हजार जणांना तिथूनच देतं. माझ्या तारेवर भार एकाचाच. चांगलं सीडीएन आणखी एक शहाणपण करतं: तुकडा आणायला एक माणूस गेलाय, तोवर त्याच तुकड्यासाठी आणखी पाचशे आले, तर पाचशे जणांना पळवत नाही, थांबवून ठेवतं. लाइव्हमध्ये हे फार लागतं, कारण नव्या तुकड्यावर सगळे एकाच क्षणी तुटून पडतात. पूर्ण फ्रेम दर दोन सेकंदांनी टाकली, तुकडे चारचे केले. इकडं मैदानात यात्रेच्या गर्दीनं मोबाइल टॉवर कोलमडतो हे आदल्या वर्षी बघितलं होतं, म्हणून पतसंस्थेच्या ब्रॉडबँडपासून मैदानापर्यंत तीनशे मीटर वायर ओढली. लॅपटॉपवर सगळं झकास दिसत होतं.

मग काकाचा फोन. "आरं, हितं नारळच फुटतोय."

मला कळेना. "नारळ तर तासाभरापूर्वी फुटला, काका."

"हितं अजून फुटतोय. फुटतो, थांबतंय. परत लावलं की परत फुटतोय."

मुंबईहून मावसभावाचा मेसेज: सत्कारच चाललाय, सरपंचांना फेटा बांधताहेत, पुढं सरकत नाही.

घोळ माझाच. सीडीएनला सरसकट सांगून बसलो होतो, की जे आणशील ते तासभर ठेव. तुकड्यांसाठी ते योग्यच. एकदा पाडलेला तुकडा कधी बदलत नाही, तासभर काय, वर्षभर ठेवा. पण यादी दर चार सेकंदांनी बदलते. चेन्नईच्या अंगणानं नारळाच्या वेळची यादी घेतली आणि तीच जपून बसलं, मुंबईनं सत्काराच्या वेळची. जो येईल त्याला तेच बारा सेकंद. आणि मी लॅपटॉपवर थेट माझ्या सर्व्हरचाच पत्ता उघडून समाधानात! प्रेक्षकाच्या वाटेनं जाऊन कधी बघितलंच नाही. यादीची मुदत दोन सेकंदांवर आणली, तुकड्यांची तासभर ठेवली, साठलेलं पुसलं. वीस मिनिटं गेली. नशीब, तोवर पोरासोरांच्याच कुस्त्या चालल्या होत्या.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. व्हिडिओच्या जड फायली बिचाऱ्या गरीब असतात. रडवते ती यादी, दोन-चारशे अक्षरांची.

त्याच वर्षी १० जुलैला मँचेस्टरला वर्ल्ड कपची सेमीफायनल, पावसामुळं राखीव दिवशी गेलेली. ऑफिसात एका स्क्रीनवर भारत-न्यूझीलंड आणि कोपऱ्यात हॉटस्टारचा प्रेक्षकांचा आकडा. सगळे धोनीकडं बघत होते, मी आकड्याकडं. तो २.५३ कोटींवर गेला. एकाच वेळी. माणशी अर्धा मेगाबिट धरला तरी साडेबारा टेराबिटच्या वर जातं. आणि यादीचा हिशेब माझ्या चार सेकंदांनी केला तर सेकंदाला ६३ लाख मागण्या, नुसत्या यादीच्या. ती अंगणात एक सेकंद जरी टिकली तरी प्रत्येक अंगण मूळ सर्व्हरकडं सेकंदाला एकदाच येतं, प्रेक्षक शंभर असोत की कोटी. कोटींचं प्रसारण उभं असतं ते या एका सेकंदाच्या उधारीवर.

गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी धावबाद झाला. ऑफिसात सुतकी शांतता. आणि हॉटस्टारच्या इंजिनिअरांनी पुढं जाहीर भाषणांत सांगितलेली गोष्ट मला मॅचपेक्षा भारी वाटते: अशा वेळी लोक ॲप बंद करत नाहीत, मागं जायचं बटण दाबतात. म्हणजे लाखो माणसं एकदम होम पेजवर. आणि होम पेज प्रत्येकाचं वेगळं, तुम्ही काय बघत होता, पुढं काय बघाल. ते अंगणात मांडून ठेवता येत नाही, स्वयंपाकघरातच करावं लागतं. प्रेक्षक घटताना सर्व्हरवर भार चढतो! त्यासाठीची तयारी आधीच करून ठेवावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अहमदाबादच्या वर्ल्ड कप फायनलला एकाच वेळच्या प्रेक्षकांचा हा आकडा ५.९ कोटींवर गेला.

जाता जाता, माणशी वेगळी जाहिरात दाखवायच्या मागं सगळे लागलेत. ते करायचं तर यादी माणशी वेगळी होते आणि वरचा एक सेकंदाचा हिशेब कोसळतो. पैसा तिथंच आहे हे कळतं, पण ज्यानं हे पहिल्यांदा मागितलं त्यानं सर्व्हरचं बिल बघितलं नसावं.

२०२० आणि २०२१ ला कोरोनानं यात्राच झाली नाही. २०२२ ला पुन्हा मैदान भरलं तेव्हा मी कमी उशिराचं एचएलएस लावून बघितलं. ॲपलनं ते २०१९ मध्येच जाहीर केलं होतं. त्यात तुकडा पूर्ण व्हायची वाट न बघता त्याचेही बारीक तुकडे पाठवतात. पुण्यातल्या फायबरवर तीन सेकंदांचा उशीर, मी खूश. काकाच्या दुकानात, भट्टीमागच्या खोलीत, दर मिनिटाला चक्र फिरायचं. साठाच उरत नाही ना. नेट जरा दबलं की अडकलंच. तिसऱ्या जोडीला मी ते काढून जुनंच लावलं. आता उशीर पंधरा सेकंदांच्या आसपास असतो, चित्र तीन प्रतींत जातं, सगळ्यात हलकी प्रत टू-जीपेक्षा जरा बऱ्या नेटवरही चालते. तिन्ही प्रतींत पूर्ण फ्रेम एकाच क्षणी पडेल एवढं बघावं लागतं, नाहीतर वरच्या प्रतीवरून खालच्या प्रतीवर उतरताना चित्र झटका खातं आणि नेमका तेवढ्यात डाव होतो.

राहिलेल्या पंधरा सेकंदांवर इलाज काकानंच काढला. यात्रेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कमिटीच्या नावानं नियम टाकून घेतला: निकाल एक मिनिटानंतरच लिहावा, मैदानातून कुणाला फोन करू नये, मोडेल त्यानं पुढच्या वर्षी पाच किलो पेढे द्यावेत. दोन वर्षं लोकांनी पाळला. गेल्या यात्रेला मोठी कुस्ती लागली, तिसाव्या मिनिटाला पोकळ घिस्सा बसला, आणि मी ट्रॉलीतून बघतोय तर पुढच्या रांगेत, वस्तादांच्या शेजारी बसलेले आमचे अण्णा उभे राहून फोन कानाला लावून ओरडताहेत, "धाकल्या, मारली! मारली आपल्या पोरानं!"

पेढे मीच आणायचे ठरलेत.