शंभर मीटर आणि पोटाची मेहनत: माझा अनुभव

पोलीस भरतीत मुलांच्या 100 मीटरला 15 गुण आहेत, आणि ते धावेच्या वेळेवर ठरतात. त्यामुळे कोल्हापुरात सकाळी कुठल्याही मैदानावर जा, पळून झाल्यावर गवतात आडवं होऊन क्रंचेस (उताणं झोपून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) मारणारी पोरं दिसणारच. त्यांच्यात मीही होतो.

गेल्या उन्हाळ्यात वेग पूर्ण चढलेला असताना डाव्या मांडीच्या मागं चमक भरली. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. फिजिओ सरांनी मांडी तपासली, मग मला उताणं झोपवून कमरेखाली हात घातला आणि वर धरलेला पाय सावकाश खाली न्यायला सांगितला. पाय जमिनीजवळ यायच्या आतच कंबर उचलली गेली; पोटाला ती धरून ठेवता येत नव्हती. सर म्हणाले, "मांडीचं बघूच, पण आधी हे."

हॅमस्ट्रिंगचं वरचं टोक आपण ज्या हाडावर बसतो त्याला चिकटलेलं असतं. कंबर पुढं कलली की ते हाड मागून वर उचललं जातं आणि स्नायू आधीच ताणात राहतो. त्यात पाय पुढं फेकायचा म्हणजे आणखी ताण. हे कलणं रोखायचं काम पोटाच्या आणि नितंबाच्या स्नायूंचं. सरांनी 2004 मधला एक अभ्यासही सांगितला: हॅमस्ट्रिंग दुखावलेले 24 खेळाडू; काहींना नुसतं स्ट्रेचिंग आणि ताकदीचे व्यायाम, बाकीच्यांना धड स्थिर ठेवण्याचे आणि चपळाईचे. दुसऱ्या गटात पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण फारच कमी निघालं. चोवीस म्हणजे मूठभर माणसं, पण मला तेवढं पुरलं.

क्रंचेस बंद झाल्या. त्याऐवजी डेड बग (उताणं झोपून एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सावकाश खाली नेणं), साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर शरीर ताठ धरणं) आणि बाजूच्या खांबाला रबरी पट्टा बांधून तो छातीसमोर ताठ धरणं. बघणाऱ्याला वाटेल, हा नुसता उभा आहे. पण पूर्ण वेगात पाय जमिनीला टेकतो तो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग, आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर जातो. त्या क्षणी पोटाला वाकायचं नसतं. एकीकडून हात आणि दुसरीकडून पाय धडाला पिळत असतात, तो पीळ थोपवायचा असतो. मग सरावही थोपवण्याचाच.

गल्लीतले काका जुने पैलवान. त्यांना हे सगळं थोतांड वाटलं. "लेका, शंभर जोर मार, पोट आपोआप बांधलं जातंय. पट्टे कशाला वडत बसलाईस?" काकांचं बरंचसं खरं आहे. जोर मारताना, वजन घेऊन बैठका काढताना, अगदी पळतानाही पोट राबतच असतं. हे नियमित करणाऱ्याला वेगळी पोटाची मेहनत फार लागत नाही, असं माझं मत झालंय. फक्त जोर मारण्यात बाजूचा पीळ नसतो, म्हणून साइड प्लँक आणि पट्टा मी सोडले नाहीत.

पोरं 100 मीटरचा विश्वविक्रमवीर उसेन बोल्टचा दाखला देतात. त्याचा कणा जन्मतः वाकडा, म्हणून त्याला पाठ-पोट मजबूत ठेवावंच लागायचं. पण बर्लिनला 2009 मध्ये 9.58 सेकंद आले ते प्लँकमुळे, असं कुणी सांगायला लागलं की हसू येतं.

माझी वेळ थोडी सुधारली. पण त्याच काळात स्टार्टिंग ब्लॉकवरची (पाय टेकवून निघायच्या ठोकळ्यावरची) सुरुवात बदलली होती आणि वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय पोटाला देता येत नाही. फरक दिसला तो व्हिडिओत. सरावाच्या शेवटच्या, दमलेल्या धावांत कंबर मोडून पाय मागं रेंगाळायचे, ते आता होत नाही. आणि चमक परत आलेली नाही.

हे काम पळून झाल्यावरच करतो, दहा मिनिटं. आधी पोट दमवलं तर धाव बिघडते. आणि सिक्स पॅकसाठी करत असाल तर तो प्रश्न पांढऱ्या रश्श्याचा आहे, प्लँकचा नाही.