पावसाच्या सुट्टीतले चार दिवस

सोमवार, रात्री

काल रात्री दहाच्या सुमाराला निरोप आला. पावसामुळे बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या शाळांना सुट्टी. आमची दोन्ही पोरं पांघरुणातून उठून नाचली. मी हिशेब घालत बसले. दोन आपली, तिसरी शेजारची, घर दोन खोल्यांचं, आणि दाराबाहेर पाय ठेवायची सोय नाही. आमच्या वडगावात, बेळगावच्या या भागात, पाऊस असाच धरतो. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरतं आणि येळ्ळूरच्या वाटेवरचं भात पाण्याखाली जातं. तिकडे कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाकडे, कसा कोसळत असेल याची कल्पनाच करवत नाही. सासूबाई तेवढ्या खूश. शहराचं पाणी राकसकोपच्या धरणातून येतं, त्यामुळे जून संपायच्या आत असा पाऊस झाला की त्यांचा उन्हाळा खऱ्या अर्थानं संपतो.

सकाळी नऊपर्यंत मोबाइलवरून दोन भांडणं झाली. मी फोन कपाटात ठेवला आणि परात पुढ्यात ओढली. म्हटलं, आज चकोल्या, आणि त्या तुम्ही करायच्या.

एक वाटी तूरडाळ कुकरला लावली. दोन वाट्या कणीक, मीठ, हळद, थोडा ओवा आणि चमचाभर तेल, एवढं त्यांच्या हवाली केलं. पाणी मात्र मी घालत होते, कारण पाणी पोरांच्या हाती दिलं की कणकेची खीर होते. पुरीपेक्षा जरा घट्ट मळायची. थोरली सहावीत आहे, तिला लाटणं जमतं. धाकटा तिसरीत, त्याला वाटी दिली. शेजारच्या पोरीला करंजीचं कातणं दिलं. शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे ठरलं होतं, पण पाच मिनिटांत ताटात चंद्र आले, होड्या आल्या, कुलूप आलं, एक मासा आला. धाकट्यानं वाटीच्या कडेनं गोल पाडला, त्यातून झाकणानं लहान गोल काढला आणि उरलेलं कडं बोटात घालून बघितलं.

वरणात चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, वरून मोहरी-जिरं-कढीपत्त्याची फोडणी, आणि पाणी सढळ, सहा वाट्या तरी. चकोल्या पाणी पितात. वरणाला खळखळून उकळी आल्यावर एकेक सुटी सोडायची. सगळ्या एकदम टाकल्या की त्यांचा गोळा होतो. पातळ लाटलेल्या असतील तर दहा-बारा मिनिटांत शिजतात. एक काढून मोडून बघायची, मधे पांढरं दिसलं तर अजून दोन मिनिटं. गॅसजवळ मी कुणाला येऊ दिलं नाही. त्यांनी ओट्यापासून हातभर लांब उभं राहून नुसतं बघायचं.

जेवताना प्रत्येकजण आपली खूण शोधत होता. "माझा मासा आजीच्या ताटात गेला!" सासूबाईंनी तो मासा उचलून त्याच्या ताटात ठेवला. कुलूप कुणालाच सापडलं नाही. धाकट्यानं तीनदा वाढून घेतलं. हाच मुलगा रोज वरणभाताचे चार घास खाऊन उठतो.

मंगळवार

आजही सुट्टी. पाऊस तसाच.

उद्या अमावास्या. आमच्याकडे ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, झाला. शेजारचे कन्नड, ते त्याच दिवसाला कार हुण्णिमे म्हणतात. पण त्यांच्याकडे पंधरा दिवसांनी, या अमावास्येला, मातीचे बैल करून पुजतात. मण्णेत्तिन अमावास्ये. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. शेजारची पोरगी दोन दिवस "काकू, माती पाहिजे" म्हणून मागे लागली होती. हे परवा कामानिमित्त खानापूरला गेले होते, तिथल्या कुंभाराकडून दोन गोळे घेऊन आले. खानापूरची माती म्हणजे मातीतलं सोनं. कौलं तिथली, भांडी तिथली, कुंभारकाम शिकवणारी सरकारी संस्थाही तिथे आहे. आमच्या शिवारातली काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, पण वाळताना तिला भेगा पडतात. बैलासाठी तांबडीच बरी.

पडवीत जुनं पोतं अंथरलं. माती आधी दहा मिनिटं चांगली तिंबायची, आत हवा राहिली की वाळताना तडकते. चिमूटभर बारीक वाळू मिसळली की आणखी बरं. धडाचा एक गोळा, चार पाय, मान, वशिंड, शिंगं. खरी मेख पाय जोडण्यात आहे. नुसते दाबून चिकटवले की दुसऱ्या दिवशी बैल बसलेला सापडतो. दोन्ही बाजू काडीनं खरवडायच्या, मधे पातळ चिखल लावायचा, मग दाबायचं आणि बोटानं सांधा पुसून टाकायचा. हे मला त्या पोरीच्या अज्जीनं दारात उभं राहून दाखवलं. डोळ्यांना जोंधळ्याचे दोन दाणे. सावलीत वाळवायचे, चुलीजवळ नाही.

काम सुरू झालं आणि हळूहळू बोलणं सुरू झालं. हे मी पुष्कळदा पाहिलंय. समोर बसवून "शाळेत काय झालं?" विचारलं की उत्तर येतं "काही नाही." हातात माती, कणीक, सुई काहीतरी दिलं, नजर त्यावर लागली की तोंड आपोआप उघडतं. धाकटा बैलाचा पाय वळता वळता, मान वर न करता म्हणाला, "मी कन्नडच्या तासाला आता वाचणार नाही."

मी हातातलं काम थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तो गप्प झाला असता.

गेल्या आठवड्यात त्याला उभं करून वाचायला लावलं होतं. 'मने' असा शब्द होता, म्हणजे घर. त्यानं 'वने' वाचलं. वर्ग हसला. शिकवणाऱ्यांनीही हसून सगळ्यांसमोर तो शब्द त्याच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतला. आठवडाभर हे मूल ते पोटात घेऊन फिरत होतं आणि मला वाटत होतं पावसानं कंटाळलंय. मला फार वाईट वाटलं. सीमेवरची पोरं घरात एक, गल्लीत दोन आणि शाळेत तीन भाषा सांभाळतात. त्यांच्या चुकीवर हसू नये हो कुणी.

शेजारची पोरगी कन्नड शाळेत पाचवीला आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, उरलेल्या मातीची लांब वळी वळली आणि पाटावर मांडली. "हे बघ, हा व." कन्नड व आणि म दिसायला सख्खे भाऊ आहेत, हे मला पन्नास पाट्या रोज वाचूनही कधी जाणवलं नव्हतं. मग तिनं आपल्या बैलासाठी केलेली शेपटी उचलली आणि व च्या उजव्या टोकाला वर वळवून चिकटवली. "व ला शेपूट लावलं की म."

धाकट्यानं शेपूट काढली. व. परत लावली. म. पुन्हा काढली. असं त्यानं किती वेळा केलं मी मोजलं नाही. मग स्वतः वळी वळली, पूर्ण 'मने' मांडलं, आणि बोट फिरवत वाचलं. कन्नडची अक्षरं गोल, मातीच्या वळीला अगदी सोपी. त्यानंतर त्यानं तिला 'घर' करून दाखवायला घेतलं तर शिरोरेघ सरळ राहीना, घ पण जमेना. तेव्हा ती म्हणाली, "तुमचं अवघड आहे." त्याला किती बरं वाटलं असेल, त्याच्या पाठीकडे बघूनच कळत होतं.

तिच्या बैलाला नवी शेपूट करावी लागली. ती जराशी जाड झाली.

बुधवार

शनिवारी मी हौसेनं जुनी वर्तमानपत्रं भिजत घातली होती, लगद्याची टोपली करायला. आईच्या घरी अशा टोपल्या होत्या. भिजलेला कागद आणि मेथीदाणे एकत्र वाटायचे, पालथ्या पातेल्यावर थापायचं, वाळलं की काढून वर रंगीत कागद. मेथीमुळे लगदा चिकटही होतो आणि कीडही लागत नाही. थोरलीनं सुंदर थापलं होतं. आज बघितलं तर अजून ओलंच, आणि कडेला काळी बुरशी. टाकून दिलं. ती रडवेली झाली. चूक माझी, हे काम एप्रिल-मेचं आहे, कडक ऊन पाहिजे त्याला. पावसाळ्यात मुलांना आजच्या आज हातात येईल असंच काही द्यावं.

म्हणून सासूबाईंनी चिंध्यांचं गाठोडं काढलं. शहापूर-वडगाव ही विणकरांची वस्ती, प्रत्येक घरात साड्यांचे काठ आणि तुकडे निघतातच. बाहुलीसाठी वाकळ शिवायची ठरलं. वीतभर चौकोन, खाली जुन्या धोतराचे दोन थर, वर रंगीत तुकडे, कडेनं आत आत जाणारा साधा धावदोरा. दोरा हातभरच घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गाठी पडतात. शेजारच्या घरी याच वाकळेला कौदी म्हणतात.

थोरली सुईत दोरा ओवत होती, तर शेजारची पोरगी म्हणाली, "अक्का, दार कोडु." थोरली उठली आणि तिनं दार उघडलं. पावसाची झड सरळ आत, चिंध्या भिजल्या, सासूबाई ओरडल्या. कन्नडमध्ये दार म्हणजे दोरा. हसून हसून तिघंही जमिनीवर लोळली. धाकटा सगळ्यात जोरात. आणि थोरलीला राग आला नाही. मी ते बघत राहिले.

संध्याकाळी भुकेला सुसला. हा आमच्या भागातला हक्काचा पदार्थ आणि पोरांना जवळजवळ सगळा जमतो. चार मोठ्या वाट्या चुरमुरे चाळणीत घ्यायचे, पाण्यात बुडवायचे आणि लगेच काढून दोन्ही हातांनी हलके पिळायचे. पाण्यात रेंगाळले की लापशी. तोवर डाळं मिक्सरमध्ये भरड करून घ्यायचं, अर्धी वाटी. तेलात मोहरी, शेंगदाणे, कढीपत्ता, मिरची, कांदा, हळद. ते मी केलं. मग चुरमुरे, मीठ, चिमूटभर साखर, डाळ्याची भुकटी, लिंबू, कोथिंबीर. दोन वाफा. पिळायच्या कामावरून थोडी भांडणं झाली, कारण ते सगळ्यांनाच पाहिजे होतं.

शेजारी पूजेला बोलावलं होतं. पाटावर पाच बैल, हळदकुंकू, नैवेद्याला गव्हाची हुग्गी. धाकट्याचा बैल मधोमध. एका बाजूला झुकलेला, एक शिंग आखूड. मला काल तो जरा सारखा करायचा मोह झाला होता, हातही गेला होता. बरं झालं मागे घेतला. अज्जीनं त्यालाच पहिलं कुंकू लावलं आणि विचारलं, "यारु माडिद्रु?" कुणी केला? धाकट्यानं कन्नडमध्ये उत्तर दिलं, "नानु." मी.

गुरुवार, सकाळी

पाऊस ओसरलाय. शाळा सुरू.

डब्यात काय, तर दोघांनीही सुसलाच मागितला. डाळं कालच संपलं होतं, म्हणून कांदेपोहे दिले आणि शनिवारी सुसला करायचं कबूल केलं. शनिवारी थोरलीला एकटीला फोडणी द्यायची आहे म्हणे. मी शेजारी उभी राहीन या अटीवर हो म्हटलंय.

पडवीतल्या पाटावर मातीची अक्षरं वाळली आहेत. 'मने'तल्या म ला रात्रीत चीर गेलीय, नेमकी शेपटीच्या सांध्यावर. तिथे खरवडून चिखल लावायला विसरले होते दोघं. मी चिकटवायला घेतलं, तर धाकटा बूट घालता घालता म्हणाला, "राहू दे आई, आल्यावर मी करतो. तू फक्त माती ओली ठेव."

ओलं फडकं गुंडाळून, वर पातेलं पालथं घालून ठेवली आहे.